उघड्या माहितीचा माग: सायबर तपासात पोलीस ‘ओसिंट’ कसं वापरतात

समजा, सांगली जिल्ह्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक सायबर पोलीस ठाण्यात आले आहेत. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी त्यांना व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे रोज शेअरच्या टिप्स यायच्या, नफ्याचे स्क्रीनशॉट पडायचे, लोक ‘सरांचे’ आभार मानायचे. मग एका मॅडमनी लिंक पाठवली. गुरुजींनी ॲप उतरवून घेतलं आणि पाच वेगवेगळ्या खात्यांवर मिळून १४ लाख रुपये भरले. ॲपमध्ये त्यांचे ३१ लाख झालेले दिसत होते. काढायला गेले तेव्हा ‘आधी २० टक्के कर भरा’ असा निरोप आला, आणि तेव्हा कुठे त्यांना शंका आली.

गुरुजी काल्पनिक आहेत. त्यांची तक्रार मात्र सायबर ठाण्यातल्या कुठल्याही अंमलदाराला तोंडपाठ असते. हीच तक्रार हाती धरून, इंटरनेटवरच्या उघड्या माहितीतून पोलीस आरोपीचा माग कसा काढतात, हे पायरीपायरीने सांगतो. सायबर ठाण्यात नव्याने बदलून आलेल्या अंमलदारासाठी हे लिहितोय, तसंच फिर्यादीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलासाठी आणि स्वतः फसलेल्या माणसासाठीही. आपल्या तक्रारीचं पुढे काय होतं हे कळलं, की ठाण्यात जाताना सोबत काय न्यायचं हेही कळतं.

उघडी माहिती म्हणजे नेमकी कुठली

‘ओपन सोर्स इंटेलिजन्स’ या लांबलचक नावाचं ‘ओसिंट’ हे आखूड रूप. कुणाचं कुलूप न तोडता, कुणाला न फसवता आणि कुणाला नोटीस न पाठवता जे पाहता येतं, ते सगळं यात येतं. कल्पना जुनीच आहे. बीबीसीने १९३९ मध्ये परदेशी रेडिओ केंद्रं ऐकून त्यांच्या नोंदी ठेवणारा विभाग सुरू केला, तो याच कामासाठी. आज कात्रणांच्या आणि रेडिओच्या जागी वेबसाइट, समाजमाध्यमं, कंपन्यांची सरकारी नोंदणी, नकाशे, उपग्रहचित्रं आणि क्रिप्टोचे खुले हिशेब आले.

तपासात माहितीचे तीन कप्पे मनात पक्के हवेत. पहिला उघडा, म्हणजे तुम्हा-आम्हाला दिसणारा. दुसरा नोटिशीचा. बँकेतली केवायसी, सिमकार्ड घेणाऱ्याचं नाव, इन्स्टाग्राम खातं उघडताना दिलेला ईमेल ही माहिती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागावी लागते. तिसरा कप्पा चालू संभाषण ऐकण्या-वाचण्याचा, आणि त्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ सारख्या तरतुदीखाली वरच्या पातळीवरची परवानगी लागते. ओसिंटचं काम पहिल्या कप्प्यातलं. पण त्याचा खरा उपयोग दुसऱ्या कप्प्याचं दार नेमकं कुठे ठोठवायचं, हे सांगण्याचा आहे. हा फरक विसरला गेला, की चुकीच्या माणसाच्या दारात पोलीस उभे राहतात. त्याची एक पुण्याशी जोडलेली हकिगत पुढे येईल.

आधी पैसे, मग शोध

गुरुजी समोर बसल्या बसल्या गूगल उघडायचं नाही. आधी १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहारांची नोंद करायची: रक्कम, तारीख, वेळ, यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), ज्या खात्यावर पैसे गेले तो क्रमांक. त्यावरून ज्या बँकेत पैसे पोहोचले असतील तिथे ते अडवण्याची विनंती जाते. पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या थरात फुटत जातात आणि शेवटी एटीएममधून निघतात किंवा क्रिप्टोत बदलतात. तासाभरात केलेली तक्रार आणि चार दिवसांनी केलेली तक्रार यात फार मोठा फरक पडतो. लाजेने घरी बसून राहिलेल्या माणसाला हे कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं. फसलेला माणूस मूर्ख नसतो. त्याच्यासमोर पगारी माणसांची अख्खी टोळी बसलेली असते.

पहिली पायरी: धागे अक्षरन् अक्षर उतरवून घेणं

ज्यावरून शोध घेता येतो असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक धागा. गुरुजींच्या फोनमध्ये असे धागे ढीगभर असतात: ग्रुपचं निमंत्रण, ग्रुप चालवणाऱ्यांचे क्रमांक, मॅडमचं टेलिग्राम खातं, वेबसाइटचा पत्ता, ॲप ज्या फाइलमधून बसतं ती एपीके, पाच खात्यांचे क्रमांक, दोन यूपीआय आयडी, ‘आमचं मुंबईचं ऑफिस’ म्हणून पाठवलेला फोटो.

इथली नेहमीची चूक म्हणजे नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवणं. स्क्रीनशॉटमध्ये वेबसाइटचा अर्धाच पत्ता दिसतो. इंग्रजी लहान एल आणि मोठा आय सारखेच दिसतात, शून्य आणि ओ सारखेच. म्हणून पत्ता कॉपी करून मजकूर म्हणून जपायचा. व्हॉट्सॲपचं संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करून घ्यायचं. टेलिग्रामवर दिसणारं नाव, ॲट चिन्हानंतरचं यूजरनेम आणि त्यामागचा अंकी आयडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन आरोपी पाहिजे तेव्हा बदलतो. तिसरा त्याच खात्याला चिकटून राहतो, म्हणून नोंद त्याची हवी.

गुरुजींच्या मुलाने रागाने ॲप काढून टाकलं असेल, ग्रुप सोडला असेल, तर निम्मे धागे तिथेच तुटले. तक्रारदारांना माझी कळकळीची विनंती आहे: ठाण्यात जाईपर्यंत फोनमधलं काहीही पुसू नका आणि फोन रीसेट करू नका. समोरच्याला ‘मी पोलिसांत चाललोय’ असं कळवूही नका. त्या एका वाक्याने ग्रुप पाच मिनिटांत नाहीसा होतो.

दुसरी पायरी: पाहण्याआधी जपणं

फसवणुकीची वेबसाइट आज असते, उद्या नसते. म्हणून नियम असा की आधी नोंद, नंतर शोध. पान उघडलं की पूर्ण लांबीचं चित्र घ्यायचं, पत्ता आणि भारतीय वेळ टिपायची, पानाची फाइल उतरवायची आणि लगेच तिची हॅश काढायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ती ६४ अक्षरांची येते, आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी बदलते. दोन वर्षांनी कोर्टात ‘हे पान तुम्ही नंतर बनवलं’ असा आरोप झाला, तर उत्तर या ६४ अक्षरांत असतं. कोणतं पान कधी पाहिलं, का पाहिलं, पुढे काय केलं याची साधी वही ठेवावी. ती वही केस डायरीला जीव देते.

पुराव्याचा कायदा इथे नीट समजून घ्यायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र मागतं. त्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने, आणि हॅश दोन्हींत लिहायची. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-ब होतं, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल, तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. वेबसाइटचा सर्व्हर कुणी कोर्टात आणू शकत नाही. म्हणजे आपल्या कामात प्रमाणपत्र आलंच.

इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन १९९६ पासूनची पानं साठवतं. पान तिथे जमा करता येतं आणि जुनं रूपही पाहता येतं. पण पीडित व्यक्तीचे खासगी फोटो असलेलं पान अशा सार्वजनिक साठ्यात कधीही टाकायचं नाही. जे काढून टाकायचं, तेच कायमचं होऊन बसतं. लहान मुलांच्या शोषणाचं साहित्य असेल तर ते उतरवणं, पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. तिथे सामान्य माणसाने फक्त पत्ता टिपून पोर्टलवर कळवायचं आणि हात मागे घ्यायचे.

तिसरी पायरी: आपला माग न सोडणं

आपण साइट पाहतो तेव्हा साइटही आपल्याला पाहते. ठाण्याच्या जोडणीवरून आरोपीचं पान दहा वेळा उघडलं, तर त्याच्या सर्व्हरवर तशा दहा नोंदी पडतात. लिंक्डइनवर प्रोफाइल पाहिलं तर समोरच्याला कळू शकतं. इन्स्टाग्रामची स्टोरी पाहिली तर नाव दिसतंच. म्हणून या कामाला वेगळा संगणक, वेगळी जोडणी आणि शक्य तिथे लॉगिन न करता पाहणं. स्वतःच्या फेसबुक खात्यावरून आरोपी शोधणारा अंमलदार आपल्या बायकामुलांचे फोटो त्याच्या ‘ओळखीचे असू शकतात’ या यादीत नेऊन ठेवतो.

बनावट खातं उघडून आरोपीला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली, की पाहणं संपलं आणि गुप्त कारवाई सुरू झाली. तिला वरिष्ठांची लेखी परवानगी हवी, हेतू नोंदवलेला हवा. ‘पासवर्ड विसरलो’ दाबून खात्याशी जोडलेल्या फोन क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पाहण्याची सवयही काहींना असते. ती सोडावी. त्यात समोरच्याला निरोप जाऊ शकतो, आणि ज्या खात्यात शिरायचा आपल्याला अधिकार नाही त्याच्या कुलपाशी केलेली ती खटपट असते.

चौथी पायरी: वेबसाइट कुणाची

गुरुजींना दिलेल्या साइटवर लिहिलं होतं, ‘२००३ पासून गुंतवणूकदारांच्या सेवेत’. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, नोंद पाहिली तर ते सहा आठवड्यांपूर्वी घेतलेलं. ही नोंद पूर्वी ‘हूइज’ या सेवेने पाहायचे. डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी २८ जानेवारी २०२५ पासून तिची जागा ‘आरडॅप’ने अधिकृतपणे घेतली. युरोपचा खासगी माहिती जपणारा जीडीपीआर कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यापासून मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं. तरी डोमेन कधी घेतलं, कुणाकडून घेतलं आणि साइटचं नाव सर्व्हरशी जोडणारे नेमसर्व्हर कोणते एवढं मिळतं, आणि नोटीस कुणाला पाठवायची हे त्यातूनच ठरतं. डॉट इन असेल तर ती डोमेनं सांभाळणाऱ्या ‘निक्सी’ची नोंद पाहायची.

यानंतरचं काम मला सगळ्यात रंजक वाटतं: भावंडं शोधणं. टोळी एक साइट बनवत नाही, एकाच साच्यातून वीस काढते. एचटीटीपीएस, म्हणजे साइटची सुरक्षित जोडणी, चालायला लागणाऱ्या प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंदवही असते, त्यात मिळत्याजुळत्या नावाची डोमेनं सापडतात. पानाच्या कोडमध्ये भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा एखादा क्रमांक राहून गेलेला असतो, तोच क्रमांक दुसऱ्या साइटवरही निघतो. मदतीचा व्हॉट्सॲप क्रमांक, ‘आमच्याविषयी’ पानावरचं एखादं चुकलेलं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं की तीच चूक आणखी चार ठिकाणी भेटते. वीस साइट सावधपणे चालवणारा माणूस एकविसाव्या साइटवर कुठेतरी थकलेला असतो, आणि अनेकदा सगळ्यात जुन्या साइटवर तो शिकाऊ असतो. म्हणून जुनी रूपं पाहायची.

एपीके फाइलचं नाव, तिचं पॅकेजनेम (ॲपचं तांत्रिक नाव) आणि हॅश टिपायचं. संशयित फाइल तपासणाऱ्या व्हायरसटोटल या साइटवर आधी नुसती हॅश शोधावी. फाइल चढवली की ती इतरांनाही मिळते, आणि आरोपीही तिथे नजर ठेवून असू शकतो.

सोबत सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत दलालांची आणि सल्लागारांची यादी पाहायची, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव पाहायचं. अनेकदा टोळीने खऱ्या कंपनीचं नाव आणि खरा नोंदणी क्रमांक चोरलेला असतो. अशा वेळी ती कंपनीही पीडितच असते, आरोपी नव्हे. घाईत त्यांच्या दारात जाऊ नये.

पाचवी पायरी: क्रमांक, खाती आणि टोपणनावं

आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं बँक सांगतात, पाचवं शून्य असतं आणि शेवटची सहा शाखा. गुरुजींच्या पाच खात्यांपैकी दोन एकाच तालुक्यातल्या शाखांमधली निघाली, तर तिथे खाती भाड्याने घेणारा एखादा दलाल बसला असण्याची शक्यता धरायची. भाड्याने दिलेलं खातं, म्हणजे म्यूल अकाउंट, बहुधा एखाद्या बेरोजगार पोराचं किंवा रोजंदारीवरच्या माणसाचं असतं. ते खातं टोळीकडे जाणारा पहिला दुवा आहे, टोळीचा म्होरक्या नाही.

फोन क्रमांक कॉलर आयडी ॲपमध्ये टाकला की नाव येतं. ते नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये काय म्हणून साठवलंय त्यावरून आलेलं असतं. क्रमांकाचा मालक बदलला तरी जुनंच नाव दिसत राहतं. त्यावरून कुणाला उचलून आणणं हा अन्याय आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित शोधण्याची सोय आहे. तिथे क्रमांक, खातं, यूपीआय किंवा वेबसाइट याआधी कुणाच्या तक्रारीत आली होती का ते पाहता येतं, आणि ही सोय सामान्य माणसालाही खुली आहे. पैसे भरण्याआधी ती वापरली तर ठाण्याची पायरीच चढावी लागत नाही.

टोपणनावाचा धागा किती दूर नेतो, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘सिल्क रोड’ हा अमली पदार्थांचा बाजार २०११ मध्ये डार्क वेबवर, म्हणजे नेहमीच्या ब्राउझरला न दिसणाऱ्या इंटरनेटवर, सुरू झाला. तो चालवणारा ‘ड्रेड पायरेट रॉबर्ट्स’ या नावामागे लपला होता आणि मोठमोठ्या यंत्रणा त्याच्या मागे होत्या. गॅरी अल्फोर्ड या आयकर खात्याच्या अधिकाऱ्याने साधा विचार केला: बाजार सुरू झाला तेव्हा कुणीतरी त्याची पहिली जाहिरात केली असेल. त्याने गूगलवर तारखेची मर्यादा घालून सिल्क रोडचा सगळ्यात जुना उल्लेख शोधला. जानेवारी २०११ मध्ये ‘ऑल्टॉइड’ नावाच्या खात्याने त्याबद्दल लिहिलेलं होतं. त्याच ‘ऑल्टॉइड’ने ऑक्टोबर २०११ मध्ये बिटकॉइनच्या एका चर्चास्थळावर संगणक जाणणारा माणूस हवा म्हणून लिहिलं होतं आणि संपर्कासाठी स्वतःच्या खऱ्या नावाचा जीमेल पत्ता दिला होता. ते नाव होतं रॉस उल्ब्रिच. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात त्याला उघड्या लॅपटॉपसकट पकडलं.

शोध दोन संध्याकाळींचा असेल, पण त्याला शिक्षा गूगलच्या शोधामुळे झाली नाही. ती झाली त्या उघड्या लॅपटॉपमधल्या नोंदींमुळे आणि सर्व्हरवरच्या पुराव्यामुळे. टोपणनावाने फक्त कुणाकडे पाहायचं ते सांगितलं.

सहावी पायरी: फोटो बोलतो

फोटोत एक्झिफ नावाची माहिती दडलेली असू शकते: कॅमेरा, वेळ, कधी अक्षांश-रेखांशही. डिसेंबर २०१२ मध्ये मॅकॅफी अँटिव्हायरस काढणारे जॉन मॅकॅफी मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून फरार असताना एका मासिकाने त्यांच्यासोबतचा फोटो वेबवर टाकला. फोटोत जागेचे आकडे राहून गेले होते, आणि ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. व्हॉट्सॲप आणि फेसबुक ही माहिती पुसतात, पण टेलिग्रामवर ‘फाइल’ म्हणून पाठवलेल्या फोटोत ती टिकते. म्हणून गुरुजींच्या फोनमधली मूळ फाइलच घ्यायची.

एक्झिफ नसलं तरी फोटो गप्प नसतो. आधी उलटा चित्रशोध: गूगल, यांडेक्स, टिनआय या तिन्हींवर टाकायचा, कारण प्रत्येकाला वेगळं सापडतं. ‘मुंबईचं ऑफिस’ परदेशातल्या फर्निचरच्या जाहिरातीतलं निघतं, ‘मॅडम’चा चेहरा दुसऱ्याच देशातल्या एखाद्या मुलीच्या खात्यावरून उचललेला निघतो. त्या मुलीला याची गंधवार्ताही नसते, आणि तिचं नाव तपासाच्या कागदांत आरोपी म्हणून येऊ न देणं ही आपली जबाबदारी आहे.

फोटो खरोखर भारतातला असेल तर पाटी वाचा. दुकानाच्या नावफलकावर जीएसटी क्रमांक लावणं नोंदणीकृत व्यापाऱ्याला बंधनकारक आहे. त्या १५ अक्षरांतले पहिले दोन अंक राज्य सांगतात, २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला की व्यवसायाचं कायदेशीर नाव लॉगिन न करता मिळतं. गाडीच्या पाटीवर एमएच-१० असेल तर सांगली, एमएच-१२ असेल तर पुणे, पण गाडी फिरते, दुकान फिरत नाही. विजेचे खांब, एसटीचा थांबा, पाण्याच्या टाकीचा आकार, डोंगराची कड या गोष्टी उपग्रहचित्राशी पडताळता येतात. सावलीची दिशा आणि लांबी यावरून वेळेचा अंदाज बांधता येतो, त्यासाठी सूर्याची स्थिती दाखवणारी साधनं फुकट आहेत. इथे गावाकडच्या अंमलदाराला शहरातल्या तज्ज्ञापेक्षा जास्त दिसतं. कुठल्या भागात द्राक्षाचे मांडव असतात, घरांना कुठला दगड असतो, हे पुस्तकात मिळत नाही.

फिलाडेल्फियात मे २०२० मध्ये पोलिसांच्या गाड्या जाळणाऱ्या एका स्त्रीचा माग एफबीआयने टी-शर्टवरून काढला. लोकांनीच समाजमाध्यमांवर टाकलेल्या फोटोंत तिच्या हातावरचं गोंदण आणि टी-शर्टवरचा मजकूर दिसत होता. तसा टी-शर्ट एट्सी या खरेदीच्या साइटवर विकला जात होता. तिथे अभिप्राय लिहिणाऱ्या एका ग्राहकाच्या प्रोफाइलवर फिलाडेल्फिया लिहिलेलं. तिच्या यूजरनेमवरून दुसऱ्या खरेदीच्या साइटवर नाव मिळालं, नावावरून लिंक्डइन, तिथून तिच्या कामाच्या ठिकाणची वेबसाइट, आणि तिथल्या व्हिडिओत तेच गोंदण. या साखळीनंतर तपासी अधिकाऱ्यांनी कंपनीच्या आणि वाहन खात्याच्या नोंदींशी ताळा केला.

युरोपीय देशांची पोलीस यंत्रणा युरोपोल तर २०१७ पासून मुलांच्या शोषणाच्या चित्रांतल्या फक्त मागच्या वस्तू, एखादी पिशवी, पडदा, शाम्पूची बाटली, कापून लोकांना दाखवते आणि विचारते, ही कुठे मिळते? मूल दिसत नाही, त्याची अब्रू राखली जाते, आणि कुणीतरी ती बाटली ओळखतं. ओसिंटचा याहून चांगला वापर मला माहीत नाही.

सातवी पायरी: क्रिप्टोचा खुला हिशेब

गुरुजींचे काही पैसे तिसऱ्या थरावर यूएसडीटी या क्रिप्टो चलनात बदलले गेले असं बँकेच्या उत्तरातून दिसलं, तर घाबरून फाइल बंद करायची नसते. ट्रॉन किंवा इथेरियम या क्रिप्टोच्या जाळ्यांवरचा प्रत्येक व्यवहार कुणालाही पाहता येतो. पत्ता टी अक्षराने सुरू होत असेल तर तो ट्रॉनचा. हे व्यवहार दाखवणाऱ्या एक्सप्लोरर साइटवर पत्ता टाकून पैसे कुठून कुठे गेले त्याचा नकाशा काढायचा आणि ते क्रिप्टोची खरेदी-विक्री करणाऱ्या एखाद्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर पोहोचतात का ते पाहायचं. पोहोचले की तिथे केवायसी आहे. मार्च २०२३ पासून भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे, त्यामुळे नोटिशीला पत्ता मिळतो.

आठवी पायरी: जुळवणं, आणि स्वतःवर शंका घेणं

आता भिंतीवरच्या मोठ्या कागदावर धागे जोडायचे. प्रत्येक रेषेवर लिहायचं: हे कुठून कळलं, आणि किती खात्रीचं आहे. एकाच बातमीची दहा संकेतस्थळांनी केलेली नक्कल म्हणजे दहा स्रोत नव्हेत, एकच आहे. दोन स्वतंत्र वाटांनी तीच गोष्ट मिळाली तरच ती पुढे न्यावी. आणि ‘हा तो नसेल तर काय?’ हा प्रश्न एखाद्या सहकाऱ्याने मुद्दाम विचारावा.

एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतर रेडिट या चर्चास्थळावरच्या हजारो लोकांनी फोटो जुळवून भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याला आरोपी ठरवलं. त्याच्या कुटुंबावर शिव्यांचा पाऊस पडला. तो मुलगा स्फोटांत कुठेही नव्हता, आणि काही दिवसांनी त्याचा मृतदेहच सापडला.

आणि आता पुण्याची हकिगत. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाची, माहिती मागवली, एका टेलिकॉम कंपनीने ग्राहकाचं नाव कळवलं, आणि २००७ मध्ये बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक झाली. माहिती चुकीची होती. तो तरुण सुमारे ५० दिवस येरवड्यात राहिला. हे वाचताना आजही पोटात खड्डा पडतो. एका ओळीच्या उत्तरावर, दुसऱ्या कुठल्याही पुराव्याशी न ताडता, एका निर्दोष माणसाचे ५० दिवस गेले.

म्हणून वेळेचा हिशेब दोनदा करा. परदेशी कंपन्यांच्या नोंदी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत येतात, आपण साडेपाच तास पुढे. १४ तारखेला १९:१० यूटीसी म्हणजे आपल्याकडे १५ तारखेची रात्रीची १२:४०. तारीखच बदलते. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट क्रमांक (त्या ग्राहकांना वेगळं ओळखू देणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ न देता मागितलेलं उत्तर घातक ठरू शकतं.

नववी पायरी: उघड्यातून बंद कप्प्याकडे

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास कलम ७८ नुसार पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. जमवलेलं सगळं त्याच्यासमोर टिपणाच्या रूपात जायला हवं, आणि टिपणात तीन गोष्टी वेगळ्या दिसाव्यात: काय पाहिलं, त्यावरून काय वाटतं, आणि खात्री करायला कुणाला काय विचारायचं. नोटीस मोघम नको. ‘या खात्याची सर्व माहिती द्या’ यापेक्षा अंकी आयडी, तारखांची मर्यादा आणि नेमकी मागणी लिहिलेल्या पत्राला उपयोगी उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

उघडं आणि बंद कसं एकमेकांना धरून चालतं हे ‘हशपपी’ या नावाने इन्स्टाग्रामवर मिरवणाऱ्या नायजेरियन ऑनलाइन ठग रमोन अब्बासच्या प्रकरणात दिसतं. दुबईतल्या आलिशान गाड्यांचे आणि विमानांचे फोटो तो स्वतःच टाकायचा. एफबीआयने त्याच्या वाढदिवसाच्या केकच्या पोस्टवरून जन्मतारीख घेतली आणि ती त्याच्या जुन्या अमेरिकी व्हिसा अर्जाशी जुळवली. खात्यामागचा ईमेल आणि फोन कंपन्यांच्या नोंदींतून आला. जून २०२० मध्ये त्याला दुबईत अटक झाली आणि २०२२ मध्ये अमेरिकेत ११ वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

गुरुजींच्या प्रकरणात साखळी अशा फसवणुकीचे अड्डे असलेल्या म्यानमारच्या म्यावाडीकडे किंवा कंबोडियाकडे गेली, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथे ‘मॅडम’ म्हणून टाइप करणारा माणूस कदाचित नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेला आपल्याकडचाच तरुण असेल. त्याच्या संदेशांत मराठी वळणाचं इंग्रजी दिसलं तर तीही नोंद करावी. त्याला आरोपी म्हणायचं की पीडित, हे नंतर ठरेल, पण तो तिथे आहे हे घरच्यांना आधी कळायला हवं.

काय करायचं नाही

उघडं आहे म्हणून सगळंच गोळा करायचं, असा परवाना कुणाला मिळालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आहे. आरोपीच्या बहिणीचे फोटो, त्याच्या मित्रांच्या जाती, त्याचं राजकारण यांचा गुन्ह्याशी संबंध नसेल तर ते फाइलमध्ये येता कामा नये. फुटलेल्या डेटाचे गठ्ठे टेलिग्रामवर विकत मिळतात, ते उघडे दिसले तरी चोरीचा मालच आहे. आणि हौशी शोधकांनी, त्यात उत्साही पत्रकारही आले, सापडलेलं नाव समाजमाध्यमांवर टाकू नये. तपासी अधिकाऱ्याला नेऊन द्यावं.

गुरुजींसारख्या तक्रारदाराने सोबत न्यायच्या गोष्टी थोड्या आहेत: फोन जसाच्या तसा, बँकेचा खातेउतारा, यूटीआर क्रमांकांची यादी, एक्स्पोर्ट केलेलं संभाषण, लिंक मजकुराच्या रूपात, आणि कोणत्या दिवशी काय घडलं याचं स्वतःच्या अक्षरातलं एक पान. ते पान ठाण्यात जाण्याआधी घरी शांत बसून लिहावं. फिर्याद घेताना ते समोर असलं की जबाबातल्या तारखा घसरत नाहीत.

आणि अंमलदारासाठी शेवटची पायरी, जी बऱ्याचदा राहून जाते: दोषारोपपत्र गेल्यावर जपलेल्या फाइल मूळ डिस्कवरच राहू द्याव्यात, कामासाठी प्रत वापरावी. साक्षीला उभं राहण्याच्या आदल्या दिवशी मूळ फाइलची हॅश पुन्हा काढून प्रमाणपत्रावरच्या ६४ अक्षरांशी एकेक करून ताडून पाहावी, आणि ती वही सोबत घेऊन जावी.